दोष रक्ताचा की मैदानाचा?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्याच्या मैदानावर बांगलादेशाने भारताच्या फुटबॉल संघाचा एका गोलने पराभव केला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला मडगावात, सिंगापूरने आपल्याला दोन विरुद्ध एक असे हरविले होते आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेत खेळण्याची आपली आशा तेथेच मावळली होती. म्हणजे ढाक्याच्या सामन्यातून मिळवावयाचे फारसे काही उरले नव्हते. राखावयाची होती ती केवळ अब्रू. तीही राखता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामनेरच्या बसस्थानकाजवळ चहा घेताना, नंतर महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात आणि दुपारी विद्यार्थ्यांच्या घोळक्यात या पराभवाची मीमांसा कानांवर आली. जागा तीन, माणसे निरनिराळ्या वयांची, परंतु वाक्ये तीच. पहिले वाक्य असे की, एकशे चाळीस कोटींच्या देशाला अकरा माणसे मिळू नयेत? दुसरे असे की, हा खेळ आपल्या रक्तातच नाही; तो बंगाल्यांचा, गोवेकरांचा, मणिपुरी लोकांचा. तिसरे, क्रिकेटने फुटबॉल खाल्ला. आणि चौथे खास आमच्या खानदेशातले, की आपली माती कुस्तीची आहे. येथे फुटबॉल रुजावयाचा नाही.

खेळाच्या गप्पांत थोडी अतिशयोक्ती चालावयाचीच. ती नसेल तर चहाला चव येत नाही. परंतु या चारही वाक्यांत एक समान गुण आहे व तोच त्यांचा दोष आहे. ती प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, प्रश्न मिटवून टाकतात. एकदा ‘रक्तात नाही’ म्हटले की मैदान कोठे आहे, प्रशिक्षक कोण आहे, वर्षातून सामने किती होतात, हे विचारण्याची गरज उरत नाही. आणि अशी वाक्ये चहाच्या टपरीपुरती राहत नाहीत. शाळेचे क्रीडासाहित्य खरेदी होताना, जिमखान्याचा निधी वाटला जाताना, तालुक्याच्या संघाची निवड होताना तीच वाक्ये ठराव होऊन बसतात. म्हणून त्यांची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

लोकसंख्येचे गणित

प्रथम एकशे चाळीस कोटींचे पाहू. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हे वाक्य विशेष खटकते, कारण त्यात एक जुनी चूक दडलेली आहे. बाजारात माणसे किती आहेत यावरून मागणी ठरत नाही. ज्यांच्या इच्छेमागे खरेदीची शक्ती उभी आहे त्यांचीच मागणी प्रभावी ठरते. खेळाचेही तसेच आहे. देशात मुले किती जन्मतात यावरून खेळाडूंचा पुरवठा ठरत नाही. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून नियमितपणे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, भरपूर सामने खेळण्याची संधी किती मुलांना मिळते, यावरून तो ठरतो. ही संख्या लहान असेल तर मागचे कोटींचे आकडे निरर्थक होत.

आपल्याच जिल्ह्याची फूटपट्टी लावून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या बेचाळीस लाखांहून अधिक होती. क्रोएशिया या देशाची लोकसंख्या चाळीस लाखही भरत नाही. त्या देशाने २०१८ च्या विश्वचषकात अंतिम सामना गाठला आणि २०२२ मध्ये तिसरा क्रमांक मिळविला. १९३० व १९५० असे दोन विश्वचषक जिंकणारा उरुग्वे आजदेखील पस्तीस लाखांच्या आसपासच आहे. आइसलँडची लोकसंख्या २०१८ मध्ये साडेतीन लाखांच्या घरात होती, म्हणजे एकट्या जळगाव शहराच्या चार लाख साठ हजारांहूनही कमी. तरीही त्या वर्षी तो देश विश्वचषकात खेळला. आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरलेले कुरासाव हे बेट तर आपल्या भुसावळपेक्षाही लहान आहे.

यावर कोणी म्हणेल की, म्हणजे त्या लोकांच्या अंगातच काही तरी असले पाहिजे. परंतु आइसलँडमध्ये थंडीमुळे वर्षातील बरेच महिने उघड्यावर खेळता येत नाही. चालू शतकाच्या आरंभापासून त्या देशाने बंदिस्त मैदाने बांधली, शाळांजवळ छोटी कृत्रिम हिरवळीची मैदाने तयार केली आणि शेकडो प्रशिक्षकांना रीतसर शिक्षण देऊन अगदी लहान मुलांच्या हाताशी नेमले. मग पंधरा-वीस वर्षांनी पीक आले. कुरासावच्या संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले व तेथील क्लबांत घडले. म्हणजे त्यांचा नातेसंबंध बेटाशी आणि शिक्षण नेदरलँड्सचे. यातून रक्ताचा महिमा सिद्ध होत नाही, शिक्षणाचा होतो.

खानदेशातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण देता येईल. केळीला पाणी भरपूर लागते आणि आपला जिल्हा काही धो-धो पावसाचा नव्हे. तरीही जळगावची केळी देशभर गेली व २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. रावेर-यावलच्या मातीच्या ‘रक्तात’ केळी होती असे कोणी शहाणा शेतकरी म्हणणार नाही. तो विहीर, ठिबक, रोप आणि बाजारपेठ यांची नावे घेईल. शेतीत आपण ज्या शहाणपणाने बोलतो ते खेळाची गोष्ट निघताच कोठे जाते?

रक्ताचा चंचल इतिहास

आता ‘रक्तात आहे’ या वाक्याकडे वळू. बंगाली माणूस हा जातिवंत फुटबॉलपटू, असे आज सर्वत्र म्हटले जाते. परंतु मेकॉलेने १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाचे वर्णन दुबळ्या, बायकी देहाचा असे केले होते. पुढे इंग्रज सरकारने ‘लढवय्या’ आणि ‘बिनलढवय्या’ अशी जमातींची प्रतवारी लावली, तीतही बंगाल्याची जागा खालचीच होती. मग २९ जुलै १९११ चा दिवस उजाडला. कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. सत्तर वर्षांपूर्वी ज्याचे शरीर खेळाला नालायक ठरविले गेले होते, त्याचेच शरीर आज खेळासाठी घडविलेले ठरते. दरम्यान रक्त बदलले नव्हते. बदलले होते ते शाळा-महाविद्यालयांतील खेळाचे वातावरण, क्लबांचे जाळे आणि जिंकण्याची राष्ट्रीय ईर्ष्या.

गोव्याविषयी असाच एक समज आहे. पोर्तुगीजांमुळे गोवेकरांच्या अंगी फुटबॉल भिनला, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय १८८३ साली शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मोपदेशकास दिले जाते. तो खेळ शाळांतून पसरला, चर्चच्या पटांगणांत वाढला आणि पुढे धेंपो, साळगावकर यांसारख्या उद्योगसमूहांच्या संघांनी त्याला नोकरी व पगार यांचा आधार दिला. पटांगण, शाळा आणि पगार या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे खेळ रुजला, इतकाच याचा अर्थ.

मणिपूरची लोकसंख्या २०११ मध्ये अठ्ठावीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या दोन-तृतीयांश. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी निवडलेल्या एकवीस भारतीय खेळाडूंपैकी आठ मणिपूरचे होते. विश्वचषकाच्या कोणत्याही गटातला भारताचा पहिला गोल करणारा जॅक्सन सिंगही मणिपुरीच. यावरून ‘त्यांच्या अंगात दमच वेगळा’ असा निष्कर्ष काढणे सोपे. परंतु मणिपुरात वस्तीवस्तीला क्लब आहेत, मुलींचेही संघ आहेत, आणि गावच्या सामन्याला गाव लोटते. आपल्याकडे शंभर मुलांतील किती जणांना वर्षात पंधरा सामने खेळावयास मिळतात, हे आधी मोजावे आणि मग दमाची तुलना करावी.

‘रक्ता’चा सिद्धान्त खरा असता तर त्याने हैदराबादचे कोडेही सोडवावयास हवे होते. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने नेला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविणाऱ्या भारतीय संघात अनेक खेळाडू हैदराबादचे होते. त्या संघाचे आणि १९६२ साली जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेही हैदराबादचेच; व्यवसायाने मूळचे शाळाशिक्षक. १९६३ साली रहीम गेले. पुढे त्या शहराचा फुटबॉल हळूहळू ओसरत गेला. शहर तेच, मोहल्ले तेच, माणसे तीच. मग रक्त कोठे गेले? गेला होता तो शिक्षक आणि विस्कटली होती त्याने उभी केलेली व्यवस्था.

अनवाणी पायांची कथा

फुटबॉलच्या चर्चेत हमखास निघणारी आणखी एक गोष्ट म्हणजे १९५० चा विश्वचषक. आपले खेळाडू अनवाणी खेळत, बूट घालण्याची सक्ती झाली, म्हणून भारत ब्राझीलला गेला नाही, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. ही कथा ऐकावयास गोड आहे. तीत गरिबी आहे, स्वाभिमान आहे आणि दूरच्या परक्या संस्थेचा अन्यायही आहे. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी देशांनी माघार घेतल्यामुळे भारत पात्र ठरला होता आणि यजमान ब्राझीलने प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी दाखविली होती. आपल्या महासंघाने कारणे दिली ती संघनिवडीवरील मतभेदाची व अपुऱ्या सरावाची. त्या काळच्या पदाधिकाऱ्यांना विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते. तत्कालीन कर्णधार शैलेन मन्ना यांनीही बूट हे कारण नसल्याचे पुढे स्पष्ट केले.

या कथेने केलेले नुकसान असे की, नियोजनातील चूक तिने नियतीच्या खात्यात टाकली. बुटांचा प्रश्न खरा होता, परंतु वेगळ्या जागी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ज्या स्पर्धेत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले तेथेच, आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा हरला. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले आणि चार वर्षांनी तोच देश मेलबर्नच्या उपान्त्य सामन्यात उतरला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानावर खेळणारा खेळाडू होता. तथाकथित अंगभूत वैगुण्य चार वर्षांच्या शिस्तीने दूर झाले ते असे.

दमाचीही कथा अशीच. भारतीय खेळाडू शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत गळतो, कारण आपला आहार तसा, हवा तशी, अंगकाठी तशी, असे सांगितले जाते. देशांतर्गत सामने दीर्घ काळपर्यंत सत्तर मिनिटांचे होत आणि आंतरराष्ट्रीय सामना नव्वद मिनिटांचा असे, ही साधी गोष्ट या चर्चेत क्वचितच निघते. सत्तर मिनिटांची सवय असलेला माणूस एकाहत्तराव्या मिनिटाला थकला, तर दोष वरणभाताला कशासाठी द्यावयाचा? आणि अंगकाठीविषयी म्हणाल तर मॅराडोना पाच फूट पाच इंचांचा होता.

क्रिकेटने फुटबॉल खाल्ला, हे विधानही कालगणनेच्या कसोटीस उतरत नाही. क्रिकेटच्या लाटेचा आरंभ आपण १९८३ च्या विश्वचषकापासून धरतो. परंतु ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत भारत शेवटचा खेळला तो १९६० साली, रोममध्ये. आशियाई स्पर्धेतले आपले शेवटचे पदक १९७० चे. म्हणजे रोगी १९८३ पूर्वीच अंथरुणाला खिळला होता. क्रिकेटमुळे पैसा व लक्ष दुसरीकडे गेले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ऑस्ट्रेलियातही क्रिकेटचे वेड कमी नाही आणि तो देश २००६ पासून प्रत्येक विश्वचषकास पात्र ठरत आला आहे.

तालमीतून मैदानात

खानदेशी वाक्याचे उत्तर मात्र महाराष्ट्रातच मिळते. आमच्या जामनेरला कुस्तीच्या मोठ्या दंगली भरतात, परराज्यांतले नामांकित मल्ल येतात, आणि त्याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. परंतु कुस्तीची माती फुटबॉलला मारक असती तर कोल्हापुरात फुटबॉलचे नावही उरले नसते. कुस्तीची पंढरी म्हणून ज्या शहराची ख्याती, त्याच शहराइतका फुटबॉलवेडा गाव महाराष्ट्रात दुसरा नाही. आणि तेथील संघांची नावे पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. संघाच्या नावातच तालीम आहे. ज्या पेठेने आखाडा राखला तिनेच चेंडूही राखला. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, संस्थानाचा आश्रय, शाहू स्टेडियमसारखे हक्काचे मैदान आणि पेठापेठांतील चुरस यांनी हा खेळ जगविला. याच शहरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

कोल्हापूरचे चित्र केवळ उजळ आहे असे नव्हे. पेठांच्या चुरशीचे पर्यवसान काही वेळा हाणामारीत झाले आहे, सामने थांबवावे लागले आहेत. परंतु तेवढ्यावरून ‘कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे हुल्लड’ असे म्हणणे, हा पुन्हा तोच आळस. हजारो माणसे तिकीट काढून शांतपणे सामना पाहून घरी जातात, त्याची बातमी होत नाही. दगड पडतो त्याची होते. बातमीत जे वारंवार दिसते तेच वास्तवात वारंवार घडते असे समजणे, ही विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात टाळावयास सांगितलेली चूक आहे.

स्तुतीतला पूर्वग्रह

पूर्वग्रह नेहमी निंदेच्याच वेषात येतो असे नाही. तो पुष्कळदा स्तुतीच्या वेषात येतो आणि म्हणून अधिक फसवतो. युरोपातील चार देशांच्या लीगमधील ऐंशी सामन्यांच्या समालोचनाचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या खेळाडूंची वाखाणणी होते ती बुद्धी, मेहनत व कौशल्य यांसाठी आणि काळ्या खेळाडूंविषयी बोलले जाते ते वेग व ताकद यांविषयी, असा कल त्यात स्पष्टपणे आढळला. प्रशंसा दोघांचीही झाली. परंतु एकाला माणूस म्हणून दाद मिळाली आणि दुसऱ्याला यंत्र म्हणून. ब्राझीलमध्ये तर १९५० च्या विश्वचषकातील निर्णायक सामना गमावल्याचे खापर बार्बोझा या काळ्या गोलरक्षकावर फोडले गेले. पुढे काळा गोलरक्षक भरवशाचा नसतो असा समज त्या देशात अनेक दशके रेंगाळत राहिला. एका गोलची शिक्षा एका माणसाला नव्हे, एका वर्णाला झाली.

आफ्रिकी संघ म्हणजे उत्साह भरपूर, शिस्त शून्य, हे वाक्य आमच्या वसतिगृहात विश्वचषकाच्या रात्री मी अनेकदा ऐकले आहे. २०२२ मध्ये मोरोक्को उपान्त्य फेरीत पोचणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. तोपर्यंतच्या पाच सामन्यांत त्याने एकच गोल स्वीकारला होता आणि तोही त्याच्याच खेळाडूकडून झालेला. याहून शिस्तबद्ध बचाव त्या स्पर्धेत दुसरा दिसला नाही. उलट ज्या जर्मनांना आपण शिस्तीचे यंत्र म्हणतो, ते २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही स्पर्धांत पहिल्याच फेरीत गारद झाले.

हे दूर देशांचे झाले. आपल्या घरात काय चालते? सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी मुलांविषयी आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो की, ही पोरे काटक असतात. मग त्यांना धावावयास लावतो आणि खेळाची सूत्रे हलविणारी मधली जागा शहरातल्या मुलाला देतो. या भागातील भिल्लांना इंग्रजांनी आधी लुटारू ठरविले आणि १८२५ साली आउट्रमच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभारल्यावर तेच भिल्ल इमानी शिपाई म्हणून नावाजले. शिक्का बदलला, परंतु शिक्का मारणारा हात तोच राहिला. माणसाला विचारावयाचे राहूनच गेले. ईशान्येच्या खेळाडूंच्या दमाचे गोडवे गाणारी मंडळी त्याच मुलांना पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर परदेशी समजून हिणवतात, तेव्हा त्या गोडव्यांचा पोकळपणा उघड होतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचा कर्णधार असलेले तालिमेरेन आओ हे नागा होते आणि कलकत्त्यात शिकून डॉक्टर झाले होते, ही गोष्ट आपल्या किती शाळांत सांगितली जाते?

मुलींविषयी तर बोलावयासच नको. फुटबॉल हा मुलींचा खेळ नव्हे, असे म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, भारतीय महिलांचा संघ १९८३ मध्ये आशियाई स्पर्धेचा उपविजेता होता आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर हरवून तो २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. ज्या वर्षी पुरुषांची आशा मडगावात मावळली त्याच वर्षी मुलींनी ती राखली.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. सर्वसाधारण विधाने केल्यावाचून विचार तरी कसा करावयाचा? अर्थशास्त्र तर सरासरीवरच जगते. आक्षेप मान्य आहे. सरासरी सांगण्यात पाप नाही. मणिपुरातून अधिक खेळाडू येतात हे सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. चूक होते ती दोन ठिकाणी. परिस्थितीचा जो परिणाम, त्यालाच आपण कारण समजतो. आणि समूहाची सरासरी समोर उभ्या असलेल्या एका मुलाच्या कपाळावर चिकटवतो. सरासरी ही चौकशीची सुरुवात असावी. आपण तिला निकालपत्र करून टाकतो.

सतरा सह्यांचा अर्ज

हा उपदेश मी उंचावरून करीत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथील जिमखाना समितीचा मी सदस्य होतो. एके दिवशी समितीपुढे विद्यार्थ्यांचा एक अर्ज आला. दोन गोलखांब, जाळ्या आणि चार चेंडू एवढीच मागणी होती. तरुण अर्थशास्त्रज्ञाच्या ऐटीत मी त्यावर शेरा लिहिला की, या परिसराची परंपरा कुस्ती व कबड्डीची असून फुटबॉलला येथे मागणी नाही. सबब खर्च अनावश्यक. इतर सदस्यांनी मान डोलावली. अर्ज दप्तरदाखल झाला.

पुढे एका पहाटे फिरावयास गेलो असताना कापूस निघालेल्या एका मोकळ्या शेतात काही मुले खेळताना दिसली. चार दगडांचे दोन गोल मांडले होते, चेंडू जुना, शिवण उसवलेला. त्यांतला एक मुलगा माझ्याच वर्गातला होता. तो थांबला, अदबीने म्हणाला, “सर, तुम्हीपण या.” मला त्या निमंत्रणाला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर आठवले की, ‘मागणी नाही’ असा शेरा मी ज्या कागदावर मारला होता त्याच्या तळाशी सतरा सह्या होत्या. मागणी दाराशी उभी होती; मी परंपरेकडे पाहत राहिलो. तो मुलगा मोठा खेळाडू झाला असता की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु ते कळण्याची संधीच मी बंद केली, एवढे निश्चित.

आज हा विषय पुन्हा काढण्याचे तातडीचे कारण आहे. १४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर मेस्सीच्या उपस्थितीत राज्य शासनाच्या ‘महादेवा’ उपक्रमाला प्रसिद्धी मिळाली. तेरा वर्षांखालील गुणी मुलामुलींना हेरून त्यांना फुटबॉलचे शिक्षण द्यावयाचे, असा त्याचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. परंतु हेरणारा डोळा पूर्वग्रहाचा असेल तर तो जेथे संघ आधीच आहेत तेथेच पाहील; आणि मग यादीत खानदेशचे नाव का नाही, याचे उत्तरही तयारच असेल : त्यांच्या रक्तातच नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. तालुक्यात सपाट, मोकळी मैदाने किती व ती कोणाच्या ताब्यात आहेत, याची नोंद शिक्षकांनी करावी. शाळाशाळांत वर्षाकाठी निदान दहा-बारा सामन्यांची साधी साखळी सुरू करावी. मुलींची वेगळी, आश्रमशाळांनाही तीत जागा असावी. निवड करणाऱ्याने मुलाचे आडनाव, गाव व रूप पाहण्यापूर्वी त्याचा खेळ पाहावा. आणि कचेरीत, प्राध्यापक-कक्षात, वसतिगृहात पुढच्या पराभवाची चर्चा निघेल तेव्हा कोणी ‘रक्तात’ हा शब्द उच्चारलाच, तर त्याला एवढेच विचारावे की, साहेब, मैदान कोठे आहे?

ढाक्यात आपण हरलो तो एक सामना होता. जे सामने खेळलेच गेले नाहीत, ज्यांच्यासाठी चार चेंडूही मिळाले नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत लागत नाही. तो हिशेब आपल्याला तालुक्या-तालुक्यांत मांडावा लागेल. आणि मी माझ्यापुरता तो त्या सतरा सह्यांपासून मांडावयास घेतला आहे.